जपानच्या बाईचा कारखाना

आमच्या घरी देवाच्या फळीवर बिरोबाच्या टाकाशेजारी एक काळी व्हिडिओ कॅसेट असायची, आणि सकाळी देवाला भंडारा वाहताना आई त्यातला चिमूटभर तिच्यावरही टाकायची. त्यात भक्तीबिक्ती काही नव्हती. घरात एक शेळी नि तिची दोन करडं होती, त्यांचं तोंड पोहोचणार नाही अशी तेवढी एकच जागा होती, आणि एकाच फळीवर बसलेल्या दोघांपैकी एकाला वाहायचं नि दुसऱ्याला कोरडं ठेवायचं हे आईला बरं दिसेना. घर नव्या वसाहतीतलं होतं, रांगेतलं, दोन खोल्या आणि पुढं हातभर ओसरी. शहर तेव्हा असं वाढत होतं की आण्णा म्हणायचे, सकाळी गाडी घेऊन जावं तर संध्याकाळी आपलीच गल्ली सापडू नये. प्रत्येक घराला नळ दिलेला होता, चांगला पितळी, आणि तो सोडला की त्यातून फुस्स करून हवा यायची. पाणी टँकरनं, तेही टँकरवाल्याच्या मर्जीनं. पाऊस सलग हुकत गेला होता आणि लोकांनी त्याच्याबद्दल बोलणंच सोडून दिलं होतं. आता शहराचं नाव बदललं, माझ्या गुडघ्याच्या वाट्या बदलल्या, नळाचं वेळापत्रक तेवढं तेच राहिलं आहे.

आण्णा म्हणजे माझे वडील. आमचं घराणं मेंढरामागचं, वैजापूरकडचं. थोरले भाऊ, म्हणजे आमचे तात्या, मेंढरांपाशी राहिले आणि आण्णा तरुणपणी पळून शहरात आले, क्लीनर झाले, मग ड्रायव्हर. परदेशी पाहुण्यांना पांढऱ्या अँबेसेडरमधून वेरूळ-अजिंठा दाखवून आणायचं हे त्यांचं काम. मिशा अशा झुबकेदार की पाहुणे आधी त्यांचा फोटो काढायचे, मग लेण्यांचा. एका हिवाळ्यात त्यांच्या गाडीत एक जपानी बाई बसली. वयानं बरीच, अंगानं एवढीशी, केस पोरासारखे कापलेले. अजिंठ्याच्या रस्त्याला ती सारखी गाडी थांबवायला लावायची आणि खाली उतरून बघत राहायची. बघायची काय, तर चहाच्या टपरीवरची वाफ, दोरीवर वाळत घातलेलं धोतर, नाहीतर नुसतंच वर आभाळाकडं. आण्णांना वाटलं बाईला गाडी लागते. त्यांनी तिला लिंबू आणून दिलं. तिनं तेही वास घेऊन, फिरवून फिरवून पाहिलं.

शेवटी सोबतच्या वाटाड्यानं उलगडा केला. ही बाई तिकडं जपानात एका कारखान्यात कामाला आहे, तिथं हातानं चित्रं काढून त्यांचे सिनेमे बनवतात, आणि ही त्यातले फक्त ढग काढते. दुसरं काही नाही. झाडाला वेगळा माणूस, माणसाला वेगळा माणूस, हिच्याकडं ढग. हे ऐकल्यावर आण्णांनी फर्दापूर येईपर्यंत अर्धा डोळा वर आभाळाकडं ठेवूनच गाडी चालवली. उतरताना बाईनं त्यांना समजावून सांगायला म्हणून एका कोऱ्या पॅडच्या कोपऱ्यांवर पटापट काहीतरी खरडलं आणि अंगठ्यानं पानं फरफर सोडली. कोपऱ्यातल्या इवल्याशा मिशाळ माणसानं टोपी काढून आण्णांना नमस्कार केला. निरोप घेताना तिनं त्यांना ती कॅसेट दिली. घरी आल्यावर त्यांनी चप्पल काढायच्या आत आईला सांगितलं, "तिकडं ढगाला पगारी माणूस हाय. म्हनून तिकडं पाऊस पडतो."

आई म्हणाली, मग आणायचं होतं बाईला घरी, चार दिवस ठेवून घेतलं असतं.

कॅसेट लावायला यंत्र लागतं. ते आण्णांच्या मालकांनी नवीन घेतलं म्हणून जुनं आमच्याकडं आलं, आणि टीव्ही आमचा होताच, काळापांढरा, लाकडी शटरचा. पण त्या जपानी कॅसेटचं नि आमच्या टीव्हीचं पटेना. चित्र खालून वर पळत सुटायचं. मागच्या बाजूचं एक बटण चिमटीत धरून किंचित पिळत राहिलं, तरच ते जागेवर उभं राहायचं आणि सोडलं की पुन्हा पळायचं. हे बटण धरायचं काम माझ्याकडं आलं. त्यामुळं घरातल्या सगळ्यांनी तो सिनेमा पुढून पाहिला आणि मी पहिले कित्येक दिवस तो आण्णांच्या तोंडावर पाहिला. त्यांच्या भुवया वर गेल्या की समजायचं, तळं उठलं. कारण गोष्ट तशीच होती. एका गावातलं तळं एके सकाळी उठतं आणि चालायला लागतं. एक मुलगी त्याच्या मागं मागं जाते. भाषा जपानी, त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण तळं सोडून गेलेलं गाव म्हटल्यावर आमच्या वसाहतीत कुणाला काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

आण्णांना मात्र तळ्यापेक्षा भलत्याच गोष्टींचं वेड लागलं. ती मुलगी एका घरात शिरताना चपला काढते, पुढं जाते, मग थबकते, मागं येते आणि वाकडी पडलेली एक चप्पल सरळ करून ठेवते. तेवढं आण्णा पुन्हा पुन्हा मागं नेऊन बघायचे. "ह्याची काय गरज व्हती? गोष्टीत चपलंचं काय काम? पन काढलं. बसून काढलं कुनीतरी." भाताच्या वाडग्यातून वाफ निघते, वारं येतं, गवत एका बाजूला लवतं आणि पुन्हा उभं राहतं. यातलं प्रत्येक हललेलं गवत कुणीतरी माणसानं हातानं काढलं आहे, ही गोष्ट त्यांना झोपू देईना. आमच्या गल्लीत रोज कुणाला ना कुणाला नव्या कारखान्यात नोकरी लागत होती. एकाचा पोरगा स्कूटरच्या भागांवर, दुसऱ्याचा औषधांच्या बाटल्यांवर. त्यांचे बाप ओसरीवर बसून मशीन किती मोठं ते हात पसरून सांगायचे. आण्णा त्यांच्यात जाऊन सांगायचे की आमच्या ओळखीच्या बाईच्या कारखान्यात मशीनच नाही. लोक म्हणायचे, मग तो कारखाना कसला. आण्णा चिडायचे आणि त्यांना घरी आणून चप्पल दाखवायचे. मी बटण धरायला.

रंगावरून तर रोज कज्जा. आम्हाला दिसायचं सगळं काळंपांढरं. आईचं म्हणणं, मुलीचा फ्रॉक हिरवा, चिंचेच्या कोवळ्या पाल्यासारखा. आण्णांचं म्हणणं, लाल. ज्वारी निवडता निवडता आई मान वर न करता म्हणायची, हिरवाच, आणि आण्णा जेवण अर्धं टाकून उठायचे. पुढं कितीतरी वर्षांनी माझ्या भाचीनं तो सिनेमा मला तिच्या फोनवर रंगीत दाखवला. फ्रॉक पिवळा निघाला. आई तोवर गेली होती ते एका परीनं बरं झालं, नाहीतर तिनं त्या जपान्यांनाच खोटं ठरवलं असतं.

तर अशा त्या दिवसांत तात्या मेंढरं घेऊन आले. गावाकडं गवताची काडी राहिली नव्हती आणि विहिरीत उतरलं तर तळाला पाय भाजत होते. थोरली आई, म्हणजे तात्यांची बायको, गावीच राहिली, तात्या एकटेच वाटेत मिळेल ते चारत, हळूहळू शहराच्या कडेला लागले. वसाहतीच्या मधोमध एक मोकळी जागा होती, तिथं 'उद्यानासाठी राखीव' अशी पाटी होती आणि पाटीखेरीज दुसरं काही उगवलेलं नव्हतं. तात्यांनी मेंढरं तिथं बसवली. काळी, हाडं वर आलेली, साठेक असतील. तात्या उंच, वाळके, डोक्याला लाल पटका, बोलायला अत्यंत कंजूष. आमच्या घरात ते यायचे ते जेवणापुरते, आणि तेही दारातून आत आले की पाहुण्यासारखे भिंतीला टेकून, पाय जवळ घेऊन बसायचे. धाकट्या भावाच्या दारात जनावरं घेऊन येऊन बसणं त्यांना खात होतं. आई भाकरी वाढायची, वर येसराची आमटी, नि म्हणायची, भाऊजी घ्या अजून. तात्या ताटावर हात आडवा धरायचे. आमच्या घरी तेव्हा ताटं राखेनं पुसून ठेवायचो, धुणं नव्हतंच. तरी तात्या आपलं ताट भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं इतकं स्वच्छ पुसायचे की त्याला राख लावायची वेळ येऊ नये.

आण्णांनी त्यांना कॅसेट दाखवली, दाखवल्याशिवाय राहवणार कसं. तात्या अख्खा सिनेमा पटका न काढता बसले. तळं उठलं, चाललं, डोंगर ओलांडून गेलं, तात्या ढिम्म. एका ठिकाणी मुलगी रस्त्यानं जाते आणि कडेला क्षणभर एक शेळी दिसते. तात्या म्हणाले, "गाभन हाय." आण्णांनी कॅसेट मागं नेली. पुन्हा पाहिली. पुन्हा नेली. आईसुद्धा ज्वारी ठेवून आली. पोट खरंच खाली उतरलेलं काढलं होतं. तात्या म्हणाले, "बाईनं शेळ्या राखलेल्या दिसत्यात." आण्णा म्हणाले, बाई फक्त ढग काढते, शेळीला दुसरं माणूस असणार. तात्या म्हणाले, मग त्या माणसानं राखल्या असतील. एवढं बोलून ते मेंढरांकडं निघून गेले, पण दुसऱ्या दिवशी न बोलावता येऊन बसले आणि शेळीपर्यंत थांबले.

त्याच आठवड्यात बाबूशेट येऊन गेले. बाबूशेट म्हणजे हेडी, जनावरांची खरेदी-विक्री करणारा माणूस, छत्री घेऊन फिरणारा, बोलायला गोड. त्यांनी मेंढरं लांबून पाहिली, तात्यांच्या हातावर हात ठेवला, आणि बाजाराच्या आदल्या दिवशी टेम्पो घेऊन येतो, सगळीच नेतो, म्हणाले. सगळीच. आमच्या घराण्यात मेंढरं कमी झालेली होती, मेलेली होती, चोरीला गेलेली होती, पण मेंढरांचा वाडा रिकामा असा कधी झाला नव्हता. त्या संध्याकाळी कुणी टीव्ही लावला नाही. आई म्हणाली, भाऊजी, थोडे दिवस कळ काढा, काहीतरी करू. तात्या म्हणाले, "काय करू? पाटीखाली बसवून ठेवू? काम नाय, धंदा नाय, भावाच्या दारात किती दिस बसू मी?" आण्णा तोंड फिरवून बसले. मेंढरं सोडून पळून गेलेला माणूस मेंढरं ठेवा असं कोणत्या तोंडानं सांगणार?

रात्रभर आण्णा कुशी बदलत होते. सकाळी उठून त्यांनी जे सांगितलं ते ऐकून आईनं हातातलं पीठ खाली ठेवलं. "तात्या, विकायची तर विका. पन आधी चितरून घेऊ. चालती. बाईच्या कारखान्यावानी. शांता काढंल." शांता म्हणजे मी. दहावीचा निकाल लागायचा होता, आणि माझी चित्रकला म्हणजे शाळेतल्या फळ्यावर पंधरा ऑगस्टला काढलेला मोर. मी म्हटलं, आण्णा, मला नाही येत. आण्णा म्हणाले, बाईला तरी जन्मताना कुठं येत होतं.

झाला कारखाना सुरू. आण्णांनी गुलमंडीतल्या एका छापखान्यातून लग्नपत्रिकांच्या कातरणांचं पोतं आणलं. जाडसर, तळहाताएवढे तुकडे, पाठीमागं कुठं 'शुभ' छापलेलं, कुठं अर्धा गणपती. एका चित्रावर दुसरा कागद ठेवून, खिडकीच्या काचेला लावून, मागून उन्हाचा उजेड घेत थोडं थोडं पुढं सरकलेलं चित्र काढायचं, ही युक्ती मी त्या पॅडच्या गोष्टीवरून जुळवली. दिवसभर खिडकीशी उभी राहून माझे हात भरून यायचे. पण मेंढरू चालतं कसं? जन्मभर मेंढरं बघितली होती, आणि काढायला बसले तर कुठला पाय आधी उचलतं तेच आठवेना. तात्यांनी एक मेंढी गल्लीतून इकडून तिकडं चालवली. ती लई भरभर जाई. मग आण्णा म्हणाले, मी चालतो. आणि आमचे आण्णा, परदेशी पाहुण्यांचे ते झुबकेदार मिशांचे ड्रायव्हर, पुढच्या खोलीत गुडघ्यांवर नि हातांवर चालायला लागले. तात्या भिंतीला टेकून दुरुस्ती सांगायचे. मागचा आधी. मान खाली. इतकी ताठ नाय, तू मेंढरू हाय, पुढारी नाय. औषधाच्या बाटल्यांच्या कारखान्यातल्या पोराचा बाप साखर मागायला आला होता तो दारातूनच परत गेला. आणि तात्या, जे आमच्या घरात दोन वाक्यं सलग क्वचितच बोलायचे, ते आता सकाळी न्याहारीच्या आधी येऊन बसायला लागले. मी काढलेलं एकेक मेंढरू हातात घेऊन म्हणायचे, ही कोन? मी म्हणायचे, मेंढी. ते म्हणायचे, व्हय, पन कोन? मोरीचा कान फाटलेला, बांडीच्या कपाळावर पांढरा ठिपका, लंगडी मागच्या डाव्या पायानं खुरडती. प्रत्येकीला तिचंच तोंड पाहिजे. बाईच्या कारखान्यात एवढा कडक साहेब नसणार.

आण्णांचा हट्ट आभाळाचा. बाई ढग काढायची म्हणजे आपल्या चित्रात आभाळ पाहिजेच, आणि तेही निळं. एवढा निळा रंग आणायचा कुठून? आईच्या कपड्यांची नीळ होती, पुड्याच्या पुड्या, कारण कपडे धुवायला पाणी नसल्यामुळं ती वर्षभर वापरलीच नव्हती. नीळ कालवायला पाणी, कुंचला धुवायला पाणी, आणि पाण्यावर आईचा पहारा. तिच्या घरात पाणी फेकणं हा गुन्हा होता. डाळ धुतलेलं शेळीला, आंघोळीचं मोरीतून अडवून पुसण्याला, पुसण्याचं दारातल्या एकुलत्या तुळशीला. हे रंगाचं पाणी मात्र कशालाच चालेना आणि टाकूनही देता येईना. म्हणून ती ते एका मोठ्या बादलीत साठवायला लागली. बादली ओसरीवर, दिवसेंदिवस गडद होत चाललेली, आणि आई येता-जाता तिच्यात बघून म्हणायची, ह्याचं काय करावं बाई. माझं मन मात्र त्या दिवसांत फार आनंदात होतं, हे मला आज सांगायलाच हवं. घरात कुणाला तरी माझं काम हवं होतं. आणि त्याचबरोबर मी बाजाराला उरलेले दिवस मोजायचे, कारण काम संपलं की मेंढरं जाणार होती.

तो दिवस आलाच. बाबूशेट टेम्पो घेऊन सकाळी हजर झाले. आईनं चहा टाकला. गल्ली अरुंद, टेम्पो वळेना, तेव्हा बाबूशेट छत्री उंच करून ड्रायव्हरला मागं घे, मागं घे करत कोपऱ्यापर्यंत गेले. मेंढरं पाटीखालून उठवून आमच्या दारासमोर आणून उभी केलेली होती. आण्णा म्हणाले, तात्या, जायच्या आधी एकदा बघा. मी चित्रांची थप्पी नीट ठोकून, एका बाजूनं चिमटा लावून त्यांच्या हातात दिली. तात्या उंबऱ्यात बसले. त्यांचा अंगठा जाड, भेगाळलेला. पहिल्यांदा पानं सुटेनात, मग सुटली. निळ्या आभाळाखाली काळी मेंढरं चालायला लागली. पुढं मोरी, मागं बांडी, सगळ्यात शेवटी लंगडी, खुरडत. खरंच चालली. चालत चालत ती कागदाच्या डाव्या कडेला आली, आता आणखी एक पाऊल टाकलं की कडेबाहेर जाणार. आणि तात्यांच्या तोंडून आपसूक ती हाक निघाली. भलत्याच्या शेतात शिरणारी मेंढरं मागं वळवायला ते जन्मभर जी जिभेच्या टोकावरून लांबट, कापऱ्या आवाजात मारत आले, ती. त्यांनी ती कागदावरच्या मेंढरांना मारली.

ऐकली ती दारातल्यांनी. साठच्या साठ मेंढरं धन्याच्या हाकेला वळली आणि उंबऱ्यातल्या तात्यांच्या अंगावरून, बाजूनं, पायांमधून आमच्या घरात शिरली. ओसरी भरली, पुढची खोली भरली, स्वयंपाकाच्या खोलीत आई चुलीपुढं हात पसरून उभी. तहानलेली जनावरं, त्यांना बादली दिसली. एकीनं तोंड घातलं, मग दुसरीनं, मग बादली कुठं दिसेना, नुसत्या पाठी. बाकीच्यांनी कागद शोधले. पोत्यातली कातरणं, खिडकीखाली वाळत ठेवलेली आभाळं, आणि गर्दीत तात्यांच्या हातून पडलेली थप्पी. मी ती थप्पी मोरीच्या तोंडातून ओढत होते, ती सोडेना. तिनं स्वतःला खाल्लं, बांडीला खाल्लं, लंगडीला खाल्लं. आण्णा टीव्हीला मिठी मारून उभे होते. तात्यांनी जेमतेम सगळी बाहेर काढली तेव्हा घरात लेंड्या, अर्धा गणपती आणि कोरडी ठक्क बादली एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात टेम्पो लागला. बाबूशेट घाम पुसत आले, छत्री काखेत मारली, आणि कोणताही हेडी करतो तसं दात बघायला म्हणून पहिल्या मेंढीचा जबडा उघडला. जीभ निळी. ओठ निळे, हिरड्या निळ्या. त्यांनी तिला सोडून दुसरी धरली. निळी. तिसरी. त्यांनी हात धोतराला पुसले आणि दोन पावलं मागं गेले.

"इनको क्या हुआ, तात्या?"

मग आण्णा पुढं झाले आणि त्यांनी खरं ते सांगितलं. पहिल्यापासून. एक जपानची बाई, ती ढग काढते, तिच्या कारखान्यात चित्रं चालतात, म्हणून आम्ही मेंढरं काढली, आभाळ नीळ घालून केलं, पाणी टाकवत नाही म्हणून साठवलं, तात्यांनी चित्रातल्या मेंढरांना हाक मारली ती ह्यांनी ऐकली. शब्दही खोटा नव्हता. बाबूशेट शेवटपर्यंत शांतपणे ऐकत राहिले, आणि जसजसं ऐकत गेले तसतसे टेम्पोकडं सरकत गेले.

"भाऊ," ते फार मायेनं म्हणाले, "निळ्या जिभेचा रोग असतो, मैंने देखा है. ह्यात एक मेंढरू माझ्या मालात गेलं तर माझा सगळा माल जाईल. तुम्ही आधी ढोरांच्या डाक्टरला दाखवा. और भाऊ, बुरा मत मानो, तुम्हीपन दाखवा. जीभ साफ झाली की निरोप धाडा, मी येतो." चहा तसाच ठेवून ते टेम्पोत बसले.

टेम्पो गेला, गल्लीतली धूळ खाली बसली. आण्णांचं तोंड एवढंसं झालं होतं. मेंढरं राहिली याचा आनंद करावा तर खायला काय घालणार, आणि चित्रं तर गेलीच. मी ओसरीवर बसून रडत होते, लाज न धरता. तात्या पाटीकडं निघाले असं मला वाटलं. पण ते आत आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते भिंतीला न टेकता खोलीच्या मधोमध मांडी घालून बसले, पटका काढून मांडीवर ठेवला. मग एक चघळलेलं कातरण उचललं, त्यावर कुणाचा तरी मागचा पाय उरला होता, तो उजेडात धरून पाहिला.

"शांते, पुन्हा काढाया किती दिस लागतील?"

मी हुंदके देत म्हटलं, लई लागतील तात्या. कागद नाही, काही नाही. सगळी पहिल्यापासून काढावी लागतील.

"मंग ही हितं पाहिजेत का नगं? बघून काढाया?"

मी आण्णांकडं पाहिलं. आण्णा आईकडं बघत होते. आई उठली. तिनं पिण्याच्या पाण्याच्या पिंपावरचं झाकण काढलं, बादली विसळायच्या भानगडीत न पडता भरली, माझ्यापुढं आणून ठेवली आणि म्हणाली, "पाहिजेत की. बघितल्याबिगर कसं काढंल लेकरू? भाऊजींना थांबावं लागंल." ताटावर आडवा धरायचे तो हात तात्यांनी त्या दिवशी जेवताना धरला नाही.

दुसऱ्या दिवशी आण्णा पाहुणे उतरवून येताना डिकी भरून गवत घेऊन आले. मोठ्या हॉटेलांच्या हिरवळी दुष्काळातही कापाव्या लागतात, आणि कापलेलं तिथले माळी फेकूनच द्यायचे. मग ते रोजचंच झालं. आईनं टँकरवाल्याशी कसलं भांडण काढलं ते मला आजही नीट माहीत नाही, पण त्यानंतर तो टँकर पाटीशी घटकाभर थांबायला लागला. म्हातारी दोन-चार मेंढरं गेली, बाकीची तगली. बाबूशेटांना निरोप धाडायचा राहूनच गेला. मी दिवसभर खिडकीशी उभी राहायचे आणि दिवसाकाठी एखादंच मेंढरू काढायचे, फार तर त्याचा एखादा कान. घाईनं काढता येत नव्हतं असं नाही. आता हात बसला होता, मनात आणलं असतं तर महिन्यात सगळा कळप कागदावर चालवला असता. पण रोज संध्याकाळी तात्या येऊन माझ्या पाठीमागं उभे राहायचे, कागदाकडं बघायचे, आणि बळंच आवाज कडक करून विचारायचे, झालं का गं?

नाही तात्या, मी म्हणायचे, अजून लई राहिलंय.

"राहू दे," ते म्हणायचे, आणि जेवायला बसायचे.